माझे सीनिअर बेशुद्ध पडले: एका शब्दसंग्रहाचं प्रकरण

ती पहिल्यांदा माझ्याकडे इंग्रजी शिकायला आली तेव्हा तिच्या हातात दोनशे पानी वही होती. मधोमध रेघ मारलेली, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एरुडाइट, पेडॅगॉजी, अल्मा मेटर, मॅट्रिक्युलेट. अक्षर मोत्यासारखं. "मॅडम, वर्षभर रोज पाच शब्द पाठ केलेत," ती म्हणाली, "पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही."

तिला पुढच्या शिक्षणासाठी आयईएल्टीएस ही इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा द्यायची होती. चार भागांपैकी बोलण्याचा भाग तिला जड जात होता आणि त्यातही एक विषय आला की ती अडायचीच: कॉलेजचं शिक्षण आणि त्यातल्या अडचणी. मला याचं नवल वाटलं. ती स्वतः पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. अडचणी तिने पुस्तकात वाचल्या नव्हत्या, भोगल्या होत्या. ज्या विषयावर तिच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं, तिथेच ती पाऊण मिनिटाच्या आत गप्प व्हायची.

हे तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आम्ही दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा बसलो.

पहिलं रेकॉर्डिंग

या परीक्षेत बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. आधी साधे प्रश्न, मग एक कार्ड मिळतं. त्यावरच्या विषयाची तयारी करायला एक मिनिट आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत. शेवटी त्याच विषयाला धरून चार-पाच मिनिटांची चर्चा. मी तिला कार्ड लिहून दिलं, "शिकताना आलेल्या एखाद्या अडचणीबद्दल सांगा", आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. रात्री बसून शब्दन् शब्द उतरवून काढला:

"आय ॲम डुइंग माय ग्रॅज्युएशन. इन फर्स्ट इअर आय हॅड टू बॅकलॉग्ज, बिकॉज... ट्यूशन वॉज नॉट देअर. आय वॉज इन हॉस्टेल. फॅकल्टी वॉज गुड, बट ही वॉज टीचिंग फास्ट. माय सीनिअर्स पास्ड आऊट, सो नो गायडन्स. आय हॅड लॉट ऑफ टेन्शन. देन आय गेव्ह द एक्झाम अगेन. आय फेस्ड मेनी प्रॉब्लेम्स."

अडतीस सेकंद. मग "दॅट्स ऑल, मॅडम."

तुम्हाआम्हाला यातलं अक्षर न् अक्षर कळतं. पण हे शब्द ज्याच्या कानाला सवयीचे नाहीत, त्याच्या जागी बसून ऐकू. "सीनिअर्स पास्ड आऊट": वरच्या वर्गातली मुलं शुद्ध हरपून पडली, म्हणून मार्गदर्शन मिळालं नाही. "ट्यूशन वॉज नॉट देअर": अमेरिकन माणूस ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी समजतो, म्हणजे फी माफ होती तरी ही दोन विषयांत नापास. हॉस्टेल म्हणजे प्रवाशांनी दोन-चार रात्री टेकायची स्वस्त जागा. विद्यार्थी राहतात त्याला अमेरिकेत डॉर्म आणि ब्रिटनमध्ये हॉल ऑफ रेसिडेन्स म्हणतात. फॅकल्टी म्हणजे अमेरिकेत सगळा अध्यापकवर्ग, ब्रिटनमध्ये अख्खी विद्याशाखा. त्यापुढे एकदम "ही" आल्यावर हा "तो" कोण, हे ऐकणारा शोधत बसणार. बॅकलॉग म्हणजे साचून राहिलेलं काम. ग्रॅज्युएशन म्हणजे पदवी पूर्ण होणं किंवा तिचा समारंभ, तीन वर्षं करत राहायची गोष्ट नव्हे. आणि "गेव्ह द एक्झाम" म्हणजे बाईंनी स्वतःच परीक्षा घेतली.

हे सगळं मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती आधी खळखळून हसली आणि मग गंभीर झाली. "म्हणजे माझं सगळंच चुकलं?"

नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इंग्रजी शिकवणारे बरेचजण या शब्दांवर लाल शाईने तुटून पडतात. भारतीय इंग्रजीत हे शब्द रुळलेले आहेत, कोट्यवधी लोक ते वापरतात आणि त्यांचं काही अडत नाही. अनुभवी परीक्षकालाही बहुतेक कळतील. प्रश्न फक्त ऐकणारा कोण, एवढाच. तिला पुढे परदेशातल्या वर्गात बसायचं होतं, तिथे समोरचा प्रत्येकजण अनुभवी परीक्षक असणार नव्हता.

मला जे लक्षात आलं ते वेगळंच होतं. दोनशे पानी वहीत यातला एकही शब्द नव्हता. का असेल? हे शब्द तिला "येतच" होते. मराठी बोलतानाही ती दिवसभर हेच वापरायची. वर्षभर ती न येणाऱ्या शब्दांच्या मागे धावत होती, आणि तिला दगा दिला तो येणाऱ्या शब्दांनी. वहीतल्या एका शब्दाने तर दोन्हीकडून मारलं. मॅट्रिक्युलेट या शब्दापुढे तिने "दहावी पास होणे" असं लिहिलं होतं, कारण मराठीत मॅट्रिक म्हणजे तेच. मूळ इंग्रजीत मॅट्रिक्युलेट होणं म्हणजे विद्यापीठात रीतसर दाखल होणं. मॅट्रिकची परीक्षा पास झाल्यावर विद्यापीठाचं दार उघडायचं, म्हणून आपल्याकडे दाराचं नाव परीक्षेला चिकटलं.

मराठीतली चार मिनिटं

पुढच्या तासाला इंग्रजी बंद केलं. "आता हेच मराठीत सांग. मी परीक्षक नाही, तुझी मावशी आहे असं समज." ती सलग चार मिनिटं बोलली. त्यातला हा तुकडा:

"पहिल्या महिन्यात तर वर्गात काय चाललंय तेच कळेना. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि रात्री डिक्शनरी घेऊन बसायचं. तो धडा डोक्यात शिरेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर. मागे पडत गेले. बाकीच्यांना सगळं येतंय असं वाटायचं. वाटायचं, प्रवेशाच्या यादीत माझं नाव चुकून आलंय, एक दिवस कुणीतरी येऊन सांगेल, बाई, ही जागा तुझी नव्हे. सबमिशनच्या तारखा तर अंगावर यायच्या. नाकातोंडात पाणी जायचं. घरी सांगायची सोय नाही, त्यांनी कर्ज काढलेलं. दोन विषय राहिले तेव्हा वाटलं, सोडून द्यावं सगळं."

"आय फेस्ड मेनी प्रॉब्लेम्स" या चार शब्दांखाली हे एवढं दबलेलं होतं. आम्ही ती वही बाजूला ठेवली आणि या मराठी बोलण्यालाच पाठ्यपुस्तक केलं. एकेक वाक्य घ्यायचं आणि इंग्रजी बोलणारा माणूस हे कसं म्हणेल ते शोधायचं.

काय चाललंय ते कळेना: आय कुडन्ट फॉलो द लेक्चर्स. वर्गाबरोबर राहता येईना: आय कुडन्ट कीप अप. मागे पडले: आय फेल बिहाइंड. नंतर भरून काढलं: आय कॉट अप. सोडून द्यावं वाटलं: आय थॉट ऑफ ड्रॉपिंग आऊट. पाच वाक्यं कागदावर एकाखाली एक आल्यावर तीच म्हणाली, "मॅडम, हे सगळं शर्यतीचंच आहे की."

आणि ते खरंच आहे. कोर्स आणि करिक्युलम हे दोन्ही शब्द ज्या लॅटिन धातूपासून आले, त्याचा अर्थ धावणं. करिक्युलम म्हणजे मुळात धाव, शर्यतीतली फेरी. इंग्रजीत शिक्षणाबद्दल बोलणारा माणूस नकळत मैदानावरच उभा असतो. फॉलो, कीप अप, फॉल बिहाइंड, कॅच अप, ड्रॉप आऊट ही पाच क्रियापदं तिला त्या दिवसानंतर पुन्हा पाठ करावी लागली नाहीत. यातला एकही शब्द तिला नवा नव्हता, हे विशेष. कीप, अप, फॉल, बिहाइंड, सगळे शाळेतले. फक्त ते असे जोडीने उभे राहतात हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

"नाकातोंडात पाणी जायचं" याला ओव्हरव्हेल्म्ड सापडला. मला स्वतःला ही जोडी फार आवडते, कारण ओव्हरव्हेल्म या क्रियापदाचा जुना अर्थच पाण्याखाली बुडवून टाकणं असा आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढलं आहे.

"यादीत माझं नाव चुकून आलंय" या वाक्यापाशी मी थांबले. याला इंग्रजीत नाव आहे, हे तिला माहीत नव्हतं. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये हुशार, यशस्वी स्त्रियांमधल्या या भावनेबद्दल लिहिलं आणि तिला इम्पोस्टर फिनॉमेनन म्हटलं. लोकांच्या तोंडी पुढे ते इम्पोस्टर सिंड्रोम झालं. इम्पोस्टर म्हणजे तोतया. आपण तोतये आहोत आणि आता पकडले जाणार, असं वाटत राहणं. तिने तो शब्द वहीत उतरवला नाही, नुसता दोनदा पुटपुटला. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे हे इतरांनाही होतं." शब्दसंग्रहाच्या तासात असं काही घडेल ही माझी अपेक्षा नव्हती.

टेन्शन हा शब्द मात्र काढून टाकावा लागला. मराठीत टेन्शन येतं, जातं, घ्यायचं नसतं, कुणाला तरी द्यायचं असतं. इंग्रजीत टेन्शन बहुधा दोन माणसांमध्ये, दोन देशांमध्ये किंवा ताणलेल्या दोरीत असतं. स्वतःबद्दल सांगायचं तर आय वॉज स्ट्रेस्ड किंवा आय वॉज अँक्शस. डिप्रेशनचं आणखी नाजूक. एका सरावात ती सहज म्हणून गेली, "आय वॉज इन डिप्रेशन." विचारल्यावर कळलं की निकालानंतर दोन दिवस तिला जेवण गोड लागत नव्हतं. ऐकणारा त्याचा अर्थ आजार असा घेऊ शकतो आणि काळजीने पुढचा प्रश्नही विचारू शकतो. खरोखर आजार असेल तर तोच शब्द वापरावा, लपवू नये. दोन दिवसांच्या उदासीला आय फेल्ट लो पुरेसं होतं.

देण्याघेण्याचा हिशेब

तिसऱ्या आठवड्यापासून क्रियापदांच्या मागे लागलो. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. तिच्या वहीत नामं खच्चून भरली होती, संगत नव्हती. डेडलाइन माहीत, पण ती पाळणं म्हणजे मीट करणं आणि चुकणं म्हणजे मिस करणं, हे माहीत नाही. असाइनमेंट माहीत, ती हँड इन करतात हे नाही.

मराठी क्रियापद तसंच उचललं की कुठे फसगत होते आणि कुठे चक्क बरोबर येतं, हे आम्ही एका कागदावर मांडत गेलो. देण्याघेण्यात सगळ्यात जास्त गोंधळ निघाला. मराठीत आपण परीक्षा देतो. इंग्रजीत विद्यार्थी ती टेक करतो, ब्रिटिश असेल तर सिट करतो. मराठीत आपण प्रवेश घेतो, म्हणून ती "आय टुक ॲडमिशन" म्हणायची. तिकडे आय गॉट इन्टू कॉलेज किंवा आय एनरोल्ड. म्हणजे जे आपण देतो ते तिकडे घेतात आणि जे आपण घेतो ते तिकडे मिळवतात. प्रगती आपण करतो, तिकडे प्रोग्रेस मेक होते. दांडी मारायला स्किप. विषय राहिला, मग कुणी त्याला बॅकलॉग म्हणो की केटी, तर आय फेल्ड अ पेपर अँड हॅड टू रीसिट इट. कर्जाच्या बाबतीत मात्र मराठी धावून आली: कर्ज काढणं, टेक आऊट अ लोन. काढणं आणि टेक आऊट, अगदी शब्दाला शब्द. ते फेडणं म्हणजे पे ऑफ. त्या कर्जाला इंग्रजीत जो शब्द आहे तो ती "डेब्ट" असा म्हणायची. त्यातला बी बोलायचा नसतो, उच्चार डेट. पंडितांनी लॅटिन डेबिटमची आठवण म्हणून तो बी नंतर स्पेलिंगमध्ये कोंबला, बोलणाऱ्यांनी तो कधीच मनावर घेतला नाही.

पाठांतराचं थोडक्यात सांगते. पत्त्यांएवढी कार्डं केली. पुढच्या बाजूला शब्द नाही, तिच्याच गोष्टीतलं मराठी वाक्य, मागे इंग्रजी. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये सांगितलेली डब्यांची पद्धत वापरली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या डब्यात जातं आणि उशिरा परत येतं, चुकलेलं पहिल्या डब्यात. तिने चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले होते. वही वाचत बसण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न केल्याने जास्त टिकतं, एवढं त्यामागचं तत्त्व.

माझी चूक

पाचव्या आठवड्यात मला घाई झाली. बोलणं सुधारलं होतं, म्हणून वाटलं आता थोडे भारदस्त शब्द द्यावेत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेली एक यादी आहे, ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. साधारण ३५ लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर तपासून त्यांनी ५७० शब्दकुटुंबं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, वेगळी काढली. यादी उत्तम आहे. मी तिच्यातले साठ शब्द तिच्या हातात ठेवले.

पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं: "माय रूममेट फॅसिलिटेटेड मी नोट्स." आणि थोड्या वेळाने, "डेडलाइन्स कॉन्स्टिट्यूटेड माय स्ट्रेस."

जुनी वही नव्या वेषात परत आली होती, आणि या खेपेला ती मीच आणली होती. ती यादी काढली गेली ती लिखित, अभ्यासाच्या मजकुरातून. मैत्रिणीने नोट्स दिल्या हे सांगायला तिथे हात घालायचं कारणच नव्हतं. माय रूममेट लेंट मी हर नोट्स, संपलं. गाडी मूळ रुळावर यायला दीड आठवडा गेला. तिला एकेका भारदस्त शब्दाचा मोह सोडवताना माझ्या नाकी नऊ आले. गंमत म्हणजे यादी पुढे कामाला आलीच, पण दुसऱ्या जागी.

"मी" सोडून बोलताना

कार्डावरचा विषय संपला की परीक्षक गोष्ट सोडून मुद्द्यावर येतो. कॉलेजचं शिक्षण सगळ्यांना फुकट असावं का? पदवी आणि नोकरी यांचा मेळ का बसत नाही? अनेकजण मध्येच का सोडतात? इथे ती पुन्हा कोरडी पडायची. "नाउअडेज एज्युकेशन इज व्हेरी इम्पॉर्टंट." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्यावर दंड बसवावा असं कधीकधी वाटतं.

उपाय तिच्याच कार्डांत होता. गोष्टीतलं वाक्य घ्यायचं आणि त्यातली "मी" काढायची. "माझ्या घरच्यांनी कर्ज काढलं" याचं मेनी स्टुडंट्स ग्रॅज्युएट विथ डेट. "घरात कॉलेजला गेलेली मी पहिली" याचं फर्स्ट जनरेशन स्टुडंट्स. "सुरुवातीला कुणी सांगायलाच नव्हतं" याचं दे लॅक सपोर्ट इन द फर्स्ट इअर. "माझ्या चुलतभावाला पदवी आहे पण काम येत नाही म्हणून कुणी ठेवत नाही" याचं देअर इज अ गॅप बिट्वीन व्हॉट कॉलेजेस टीच अँड व्हॉट एम्प्लॉयर्स नीड.

"मी" गेली की क्रियापदं आपोआप नामांकडे सरकतात. परवडतं, परवडणारं, परवडणं: अफोर्ड, अफोर्डेबल, अफोर्डेबिलिटी. पोहोचता येणं: ॲक्सेस, ॲक्सेसिबल. इथे कॉक्सहेडबाईंची यादी बाहेर काढली, कारण तिच्यात शब्द कुटुंबासकट येतात आणि ॲक्सेस तिच्यात आहेच. या खेपेला एका तासाला तीनच शब्द, आणि प्रत्येकापाशी तिच्या गोष्टीतला एक माणूस उभा.

आठव्या आठवड्यातल्या चर्चेत मी विचारलं, फी माफ केली तर मुलं मध्येच सोडणार नाहीत का? ती चटकन म्हणाली, "नॉट रिअली." मग थोडी थांबून: "फीज आर वन थिंग. आय नेव्हर मिस्ड अ पेमेंट, बट आय स्टिल ऑलमोस्ट ड्रॉप्ड आऊट, बिकॉज आय फेल बिहाइंड अँड आय वॉज टू अशेम्ड टू आस्क. सो अफोर्डेबिलिटी इज नॉट इनफ. समबडी हॅज टू नोटिस." व्याकरण तपासायला मी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं.

निकाल

पहिल्या सराव चाचणीत मी तिला बोलण्यासाठी नवापैकी पाच दिले होते. प्रत्यक्ष परीक्षेत साडेसहा मिळाले. हे सगळं शब्दांमुळे झालं असा दावा मी करणार नाही. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चार गोष्टींना तिथे सारखंच वजन असतं, आणि अडतीस सेकंदांवरून दोन मिनिटांवर गेलेली मुलगी ओघातही वर सरकणारच. बोलताना एकदा "पास्ड आऊट" निसटलंच, असं तिने नंतर सांगितलं. लगेच "ग्रॅज्युएटेड, आय मीन" म्हणून पुढे गेली.

लिहिण्याच्या भागात मात्र साडेपाचच. त्याकडे आम्ही दोघींनीही पाहिलं नव्हतं, आणि तिला हवं होतं तिथे तेवढ्याने भागणार नव्हतं. निकालाच्या संध्याकाळी मेसेज आला. एरवी ती मला मराठीतच लिहायची. या वेळी इंग्रजीत होता: "आय हॅव टू टेक इट अगेन, मॅडम. फेल्ट लो फॉर टेन मिनिट्स." खाली पुठ्ठ्याच्या खोक्याचा फोटो. पहिला कप्पा रिकामा केलेला, शेजारी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा.